सार्वजनिक जमिनींचा आयुक्त: निवडून द्यावा की नेमावा? (वॉशिंग्टन राज्य)

रानवाटा | ३० ऑगस्ट २०२५

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी अमेरिकेत पहिल्यांदा मत दिलं. आमच्या वॉशिंग्टन राज्यात (राजधानीचं शहर नव्हे, सिॲटलवालं राज्य) मतपत्रिका टपालाने घरी येते. रात्री जेवणं झाल्यावर टेबल पुसून ती पसरली आणि वरून खाली भरत आलो. राज्यपाल, सेनेट, काँग्रेस, इथपर्यंत ठीक होतं. मग आलं 'कमिशनर ऑफ पब्लिक लँड्स'. सात नावं. त्यातलं फक्त एक कुठेतरी ऐकलेलं. पेन हातात धरून अर्धा तास बसलो आणि शेवटी तो रकाना रिकामा ठेवून पाकीट बंद केलं.

महिनाभराने कळलं की त्या प्राथमिक फेरीत (तिच्यातून पहिले दोघंच पुढे जातात) दुसऱ्या आणि तिसऱ्या उमेदवारात फक्त ४९ मतांचा फरक होता. मतं पडली होती १९ लाखांच्या वर. तेव्हापासून तो रिकामा रकाना मला टोचतो आहे.

म्हणून वर्षभर या पदाबद्दल मिळेल ते वाचत आलो. राज्याच्या ताब्यात सुमारे ५६ लाख एकर आहेत. त्यातले ३० लाख एकर जंगल, शेती आणि कुरणाची जमीन, आणि २६ लाख एकर पाण्याखालची, म्हणजे किनारे, खाड्या, नद्यांची पात्रं. या सगळ्याचा कारभार आणि राज्याचं वणवे विझवणारं सर्वांत मोठं दल एका निवडून आलेल्या माणसाच्या हातात. २०१७ ते जानेवारी २०२५ ही सत्ता हिलरी फ्रान्झ यांच्याकडे होती, आता डेव्ह अपथेग्रोव यांच्याकडे आहे.

माझं मत असं झालंय की हे पद निवडणुकीतून भरूच नये. वनशास्त्र जाणणारा, जमिनीचा व्यवहार कळणारा माणूस राज्यपालांनी नेमावा. माझ्यासारख्या लाखो लोकांना नावंही माहीत नसताना आम्ही काय निवडणार? तुम्हाला काय वाटतं? फ्रान्झबाईंची आठ वर्षं ज्यांनी जवळून पाहिली त्यांनी जरूर लिहावं.

---

पावसाळी_ढग | ३० ऑगस्ट

चांगला विषय. मी बेलिंगहॅमला अठरा वर्षं आहे आणि एवढ्या काळात हे पद कधी कोणाच्या गप्पांत आलं नाही. आधी वाचते, मग लिहिते.

---

नानासाहेब | ३० ऑगस्ट

रानवाटा, तुमचं दुखणं समजलं, पण औषध चुकलं. रकाना तुम्ही रिकामा सोडलात म्हणून रकानाच काढून टाका, असं कसं?

---

ऑलिंपिकची_पायवाट | ३१ ऑगस्ट

थोडा इतिहास सांगतो, म्हणजे चर्चा जमिनीवर राहील.

१८८९ मध्ये वॉशिंग्टन राज्य झालं तेव्हा केंद्राने प्रत्येक टाउनशिपमधले सोळा आणि छत्तीस क्रमांकाचे भूखंड शाळांसाठी राज्याला दिले. टाउनशिप म्हणजे छत्तीस चौरस मैलांचा चौकोन, त्यातले दोन चौरस मैल शाळेचे. याशिवाय विद्यापीठं, राजधानीच्या इमारती, तुरुंग, धर्मादाय संस्था यांच्यासाठी वेगळ्या जमिनी. या जमिनी राज्याच्या मनमर्जीच्या नाहीत, विश्वस्त म्हणून सांभाळायच्या आहेत. झाडं विकायची, शेत खंडाने द्यायचं आणि पैसा ज्याच्या नावाने जमीन आहे त्याला पोचवायचा. आपल्याकडच्या देवस्थान इनामाचं उदाहरण चटकन समजेल: जमीन देवाची, वहिवाटदार वेगळा, आणि उत्पन्न दिवाबत्तीला.

आयुक्त हा त्या विश्वस्त व्यवस्थेचा मुख्य माणूस, आणि तो लोकांनी निवडायचा हे राज्यघटनेतच लिहिलंय. पण हे पद रद्द करायची मुभाही त्याच घटनेने विधिमंडळाला दिलीय, म्हणजे रानवाटा म्हणतात त्या वाटेने जायचं तर निर्णय विधिमंडळाला घ्यावा लागेल.

या खुर्चीवर बसलेली माणसंही सांगतो. बर्ट कोल १९५७ ते १९८१, सलग सहा वेळा. आयुक्त ज्याचे प्रमुख असतात ते आजचं नैसर्गिक संसाधन खातं १९५७ मध्येच उभं राहिलं, म्हणजे पहिली चोवीस वर्षं ते खातं आणि कोल एकच होते म्हणा ना. १९८० मध्ये रिपब्लिकन ब्रायन बॉयल यांनी त्यांना हरवलं. १९९३ मध्ये जेनिफर बेल्चर आल्या, या पदावरच्या पहिल्या बाई. ठिपक्यांचं घुबड वाचवायचं की जंगलतोड चालू ठेवायची यावरून अमेरिकेच्या सगळ्या वायव्य भागात वाद पेटलेला असताना १९९७ मध्ये अधिवास संवर्धनाचा सत्तर वर्षांचा करार त्यांच्याच काळात झाला. २००० मध्ये डग सदरलँड यांनी चक्क माजी राज्यपाल माइक लोरी यांना पाडलं. २००८ मध्ये ओकानोगनचे पशुपालक पीटर गोल्डमार्क जेमतेम पन्नास टक्के ओलांडून सदरलँडना हरवून आले. गोल्डमार्क रेण्वीय जीवशास्त्राचे डॉक्टरेट आहेत, बरं का. रानवाटांना हवा तसा शास्त्र जाणणारा माणूस लोकांनीही निवडला होता.

---

जुईली_रेडमंड | ३१ ऑगस्ट

त्या ४९ मतांबद्दल मला सांगायचंच आहे.

माझ्या सासूबाई त्याच वर्षी नागरिक झाल्या. त्यांचंही ते पहिलंच मत. पाकिटावर सही करायची असते. आईंनी नीट चष्मा लावून, सांगलीच्या बँकेत चाळीस वर्षं करत आल्या तशी मराठीत सही केली, खाली दोन टिंबं आणि रेघ. दहा दिवसांनी काउंटीकडून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) पत्र आलं, तुमची सही आमच्याकडच्या सहीशी जुळत नाही. गाडीच्या परवान्यावर त्यांनी इंग्रजीत सही केली होती, कारण तिथल्या खिडकीवर मीच त्यांना तसं सांगितलं होतं.

आईंना फार लागलं ते. "सही खोटी म्हणतात की काय माझी?" मी म्हटलं, तसं नाही, फॉर्म भरून परत पाठवला की मत मोजतात. पण निकाल प्रमाणित व्हायच्या आत, म्हणजे २० ऑगस्टच्या आत तो पोचायला हवा. आमच्या हातात चार दिवस होते. नवरा ऑफिसच्या कामाला बाहेरगावी. मी आईंना घेऊन स्वतः जाऊन फॉर्म दिला. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही सह्या पाहिल्या आणि म्हणाली, ही मराठी सही सुंदर आहे, हीच नोंदवून ठेवू का? आता आईंची सही तिथे मराठीत आहे.

त्या दोन आठवड्यांत अशी राहिलेली मतं जमा करायला कार्यकर्ते लोकांना फोन करत होते, दारोदार जात होते. आधी फरक होता ५१. मग राज्यभर हाताने फेरमोजणी झाली आणि ४९ उरला. आईंनी मत कोणाला दिलं ते मला आजही सांगितलेलं नाही. पण ते मोजलं गेलं.

---

पावसाळी_ढग | ३१ ऑगस्ट

जुईली, वाचून अंगावर काटा आला. काकूंना माझा नमस्कार सांग.

---

गणिती_मांजर | ३१ ऑगस्ट

ती प्राथमिक फेरी नीट उलगडायला हवी, नाहीतर ४९ चा अर्थ कळणार नाही.

आमच्याकडे 'पहिले दोन' अशी पद्धत आहे. सगळ्या पक्षांचे सगळे उमेदवार एकाच यादीत, आणि ज्या दोघांना जास्त मतं ते नोव्हेंबरला समोरासमोर. ते दोघं एकाच पक्षाचे असले तरी चालतं. ही पद्धत २००८ पासून वापरात आहे.

२०२४ मध्ये फ्रान्झ पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत, म्हणून पाच डेमोक्रॅट आणि दोन रिपब्लिकन उतरले. पाच डेमोक्रॅटांना मिळून ५७ टक्के मतं पडली, पण ती पाच जणांत फुटली. रिपब्लिकन जेमी हेरेरा ब्युटलर सुमारे २२ टक्क्यांनी पहिल्या. दुसऱ्या जागेसाठी डेमोक्रॅट अपथेग्रोव आणि रिपब्लिकन सू क्यूल पेडरसन, दोघंही २१ टक्क्यांच्या जरा खाली. ती ४९ मतं उलटी पडली असती, तर ज्या राज्यात बहुमताने डेमोक्रॅटांना मत दिलं तिथे नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर दोन्ही नावं रिपब्लिकन असती.

हे काल्पनिक नाही. २०१६ मध्ये राज्याच्या कोषाध्यक्षपदासाठी अगदी हेच झालं होतं.

---

कोकणची_मासळी | १ सप्टेंबर

अवांतर आहे पण राहवत नाही. नव्या आयुक्तांचं आडनाव पाहिलंत का? अप-द-ग्रोव. ग्रोव म्हणजे राई. देवराईतली राई! ४९ मतांच्या राईचा पर्वत झाला तो असा :)

---

नानासाहेब | १ सप्टेंबर

कोकणची_मासळी, एक नंबर!

---

ऑलिंपिकची_पायवाट | १ सप्टेंबर

गणिती_मांजर यांना अनुमोदन. त्यात एक भर: ज्या अपथेग्रोवांची गोष्ट आपण करतोय ते २०१६ मध्येही याच पदासाठी उभे होते आणि प्राथमिक फेरीतच बाहेर पडले. तेव्हाही डेमोक्रॅट पाचच होते आणि त्यांतून पुढे गेल्या त्या हिलरी फ्रान्झ. म्हणजे फ्रान्झकडून हरलेला माणूस आठ वर्षांनी त्यांच्याच खुर्चीवर बसला. मधल्या काळात ते किंग काउंटीच्या परिषदेवर होते, त्याआधी २००२ ते २०१३ राज्याच्या कनिष्ठ सभागृहात, तिथे पर्यावरण समितीचे अध्यक्ष.

---

स्पोकेनकर | १ सप्टेंबर

फ्रान्झबाईंबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. मी राज्याच्या पूर्व भागात राहतो. सिॲटलकडच्या मंडळींना जंगल म्हणजे शेवाळ, नेचे आणि पाऊस. आमच्याकडे ते वाळकं, पिवळं आणि जुलै उजाडला की काडी पडायची वाट बघणारं. ऑगस्ट २०२३ मध्ये मेडिकल लेक आणि एल्क इथे वणवे लागले तेव्हा आमच्या गाडीच्या काचेवर सकाळी बोटाने नाव लिहिता येईल एवढी राख होती. मुलं आठ दिवस घरात कोंडलेली, खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये माल्डन नावाचं छोटं गाव एका दुपारी जळलं, पाचातली चार घरं गेली.

बाई व्यवसायाने वकील. आधी बेनब्रिज बेटाच्या नगरपरिषदेवर, मग शहरांच्या वाढीचं नियोजन बघणाऱ्या एका संस्थेच्या प्रमुख. २०१६ ला निवडून आल्या तेव्हा आमच्याकडे लोक म्हणाले, बेटावरची वकीलबाई, हिला वणव्यातलं काय कळणार. समोर नौदलातून निवृत्त झालेले स्टीव्ह मॅक्लॉफलिन होते. बाईंना ५३ टक्के मिळाले, त्यात आमच्या भागाचा वाटा फारसा नव्हता.

पण या बाईंनी वणवा हाच आपला विषय केला. २०१७ मध्ये पूर्वेकडच्या जंगलांसाठी वीस वर्षांची योजना आणली, साडेबारा लाख एकर जंगल विरळ करणं, ठरवून जाळणं, निरोगी करणं. योजना कागदावर राहू नये म्हणून पैसा हवा. वर्षानुवर्षं विधिमंडळात खेपा घातल्या आणि २०२१ मध्ये आठ वर्षांसाठी ५० कोटी डॉलरचा कायदा दोन्ही पक्षांच्या मतांनी करून घेतला. विमानं, पूर्णवेळ अग्निशमन कर्मचारी, गावागावांत घराभोवतीचं गवत-झुडूप साफ करायला मदत. माझ्या शेजाऱ्याच्या घराभोवतीची साफसफाई त्याच पैशातून झाली. २०२० मध्ये बाई ५६ टक्क्यांहून अधिक मतांनी परत आल्या, आणि त्या वेळी माझंही मत त्यांना होतं.

आता ऐका दुःखाची गोष्ट. या वर्षी राज्याच्या तिजोरीत तूट आली आणि त्या निधीची तरतूद विधिमंडळाने निम्म्यावर आणली. पुढचा वणवा तूट भरायची वाट बघणार नाही.

---

पावसाळी_ढग | २ सप्टेंबर

स्पोकेनकर, इतकं चांगलं काम करून बाई २०२४ ला का नाही उभ्या राहिल्या?

---

गणिती_मांजर | २ सप्टेंबर

राज्यपाल व्हायचं होतं. मे २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल जे इन्स्ली यांनी चौथ्यांदा उभं राहणार नाही असं जाहीर केलं आणि फ्रान्झ लगेच त्या शर्यतीत उतरल्या. तिथे बॉब फर्ग्युसन यांचं पारडं जड होतं. नोव्हेंबरमध्ये सहाव्या मतदारसंघाचे खासदार डेरेक किल्मर यांनी निवृत्ती जाहीर केली, तर बाईंनी राज्यपालपदाची शर्यत सोडून तिकडे उडी मारली. ऑगस्ट २०२४ च्या प्राथमिक फेरीत एमिली रँडल पहिल्या, ड्रू मॅकएवन दुसरे, फ्रान्झ तिसऱ्या. पुढे रँडल निवडून आल्या. राज्यभरातून दोनदा निवडून आलेल्या बाई एका मतदारसंघात पहिल्या दोनांत बसल्या नाहीत.

---

नानासाहेब | २ सप्टेंबर

तेलही गेलं, तूपही गेलं. मला मनापासून वाईट वाटलं त्यांच्यासाठी. आहे तिथेच तिसऱ्यांदा उभ्या राहिल्या असत्या तर सहज येत्या.

---

स्पोकेनकर | २ सप्टेंबर

मलाही तसंच वाटतं, नानासाहेब. पण त्यांना दोष देववत नाही. आमच्या भागात जे पन्नास लोक त्यांना गावच्या सभेत भेटले त्यांना ती बाई लक्षात आहे, बाकी राज्याला ते पदच माहीत नाही. ज्या कामाची कोणी दखल घेत नाही तिथे माणूस किती वर्षं थांबेल?

---

कोकणची_मासळी | ३ सप्टेंबर

आधी मस्करी केली, आता कामाचं. या पदाकडे पाण्याखालची जमीन आहे हे रानवाटांनी लिहिलं, त्यावरून आठवलं. ऑगस्ट २०१७ मध्ये प्युजेट साउंड या इथल्या खाडीत सायप्रस बेटाजवळ मत्स्यपालनाचं एक जाळं कोसळलं आणि अडीच लाखांपर्यंत अटलांटिक सामन समुद्रात सुटले. इथला मूळचा सामन पॅसिफिकचा, आधीच कमी होत चाललेला. मूळनिवासी जमातींचे मच्छीमार आपली रोजची मासेमारी सोडून ते परके मासे पकडायला उतरले. नोव्हेंबर २०२२ मध्ये फ्रान्झ यांनी राज्याच्या पाण्यात अशा जाळ्यांसाठी जागा भाड्याने देणं बंद करत असल्याचं जाहीर केलं.

मी मालवणचा. आमच्याकडे पर्ससीन आणि रापणवाल्यांचं भांडण बघत मोठा झालो. पाण्याचा मालक कोण, हा प्रश्न मला लहानपणापासून पडलेला आहे. इथे त्या प्रश्नाला एक नाव-गाव असलेला जबाबदार माणूस आहे, आणि चार वर्षांनी त्याला माझ्या दारी यावं लागतं. रानवाटा, मला हे मोलाचं वाटतं.

---

डॉ_घाटमाथा | ३ सप्टेंबर

मी ऑलिंपिक द्वीपकल्पावरच्या एका छोट्या गावात डॉक्टर आहे. दुसरी बाजू लिहितो, राग मानू नये.

१९२०-३० च्या दशकांत लाकूड कंपन्यांनी झाडं तोडून नेली आणि कर न भरता जमिनी तशाच टाकल्या. त्या काउंट्यांकडे आल्या, काउंट्यांनी राज्याला सांभाळायला दिल्या. पाच लाख एकरांहून जास्त. त्यांच्यावर पुन्हा वाढलेली झाडं विकली जातात तेव्हा पैसा आमच्या काउंटीला येतो आणि तिथून शाळा, अग्निशमन, वाचनालय, काही ठिकाणी दवाखाना यांना वाटला जातो. सिॲटलला झाडांच्या विक्रीने काही फरक पडत नाही. आमच्याकडे एक विक्री पुढे ढकलली तर रुग्णवाहिकेचे टायर कधी बदलायचे यावर सभेत तासभर चर्चा होते. मी त्या सभेत बसलेलो आहे. ज्यांच्या घरी लाकडाचे ट्रक चालवून पोट भरतं, ती माणसं संध्याकाळी माझ्या दवाखान्यात असतात.

अपथेग्रोव यांनी जानेवारीत पदभार घेतला त्याच दिवशी काही पक्व जंगलांतल्या विक्र्या सहा महिने थांबवल्या. आता ऑगस्टअखेर ७७ हजार एकर राखून ठेवणार असं जाहीर केलं. माझ्या इथली अर्धी माणसं रडवेली झाली आहेत आणि अर्धी आनंदात.

---

ऑलिंपिकची_पायवाट | ३ सप्टेंबर

डॉक्टर, राग कसला, हे कोणीतरी लिहायलाच हवं होतं.

पण मी त्या जंगलांत दर महिन्याला चालतो, म्हणून माझंही ऐका. ही लागवडीची रांगेतली झाडं नाहीत. शंभर वर्षांपूर्वी तोड झाल्यावर आपली आपण उगवून आलेलं जंगल आहे, डग्लस फर, हेमलॉक, सीडर मिसळलेलं. पडलेल्या ओंडक्यावर ओळीने उगवलेली रोपं असतात. त्या ओंडक्याला हात लावला तर ऐन उन्हाळ्यातही तो ओल्या फडक्यासारखा गार लागतो. मूळचं आदिम जंगल राज्याच्या जमिनीवर आधीच राखलेलं आहे. हे पुढच्या पिढीचं आदिम जंगल आहे. तोडलं तर आपल्या नातवंडांनाही ते दिसणार नाही.

आणि २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की विश्वस्त म्हणून जास्तीत जास्त पैसा काढलाच पाहिजे असं बंधन नाही, खात्याला तारतम्याने ठरवता येतं. म्हणूनच ते तारतम्य कोणाचं, हे ठरवणारी निवडणूक महत्त्वाची.

---

डॉ_घाटमाथा | ४ सप्टेंबर

त्याच निकालात लाभार्थ्यांप्रती असलेलं विश्वस्ताचं कर्तव्यही न्यायालयाने कायम ठेवलंय, पायवाट. जंगल राखा, मी विरोधात नाही. पण राखण्याची किंमत एकट्या माझ्या गावाने का द्यायची? ती राज्याने सगळ्यांच्या करातून द्यावी.

---

ऑलिंपिकची_पायवाट | ४ सप्टेंबर

हे मान्य. पूर्णपणे मान्य.

---

वैनगंगा | ४ सप्टेंबर

गडचिरोलीहून लिहिते आहे. तुमचं सगळं वाचलं आणि मेंढा-लेखा डोळ्यांपुढे आलं. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबू विकायला वाहतूक परवाना वनखात्याकडेच अडकला होता. २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात देऊन गेले. तिथे आयुक्त नाही नि निवडणूक नाही, सगळं गाव बसून सर्वांच्या संमतीने ठरवतं. डॉक्टरसाहेब म्हणतात ते पायवाट यांनी समोरासमोर बसून दोन दिवसांत मान्य केलं, तसंच.

---

लॉस_अलामॉसची_शाल | ५ सप्टेंबर

न्यू मेक्सिकोतून एक नोंद. हे पद निवडणुकीने भरणारी आता पाचच राज्यं आहेत: आर्कान्सा, न्यू मेक्सिको, साउथ डकोटा, टेक्सास आणि वॉशिंग्टन. आमच्याकडे झाडांऐवजी तेल. सरकारी जमिनीखालच्या तेल-वायूचा हिस्सा शाळांना जातो आणि ती रक्कम प्रचंड आहे. २०१४ मध्ये ऑब्री डन यांनी रे पॉवेल यांना सातशेच्या आसपास मतांनी हरवलं, तिथेही फेरमोजणी झाली. डन नंतर पक्ष सोडून लिबर्टेरियन झाले. २०१८ मध्ये आमच्याच लॉस अलामॉसच्या आमदार, पेशाने शिक्षिका, स्टेफनी गार्सिया रिचर्ड निवडून आल्या. इथल्या पहिल्या महिला आयुक्त. शाळेच्या पैशाचा हिशोब एका शिक्षिकेच्या हाती आला याचा मला तेव्हा फार आनंद झाला होता.

---

नानासाहेब | ५ सप्टेंबर

आता मूळ प्रश्नावर या. आपल्याकडे पुण्यात जमाबंदी आयुक्त असतात, सनदी अधिकारी. महसूल खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, त्या खुर्चीवर अतिशय हुशार माणसं पाहिली मी. पण गायरानावर अतिक्रमण झालं तेव्हा गावकरी आयुक्तांना जाब विचारू शकले नाहीत, कारण तोवर बदली झालेली. नवे साहेब म्हणणार, मी फाइल बघतो. नेमलेला माणूस वरच्याकडे बघतो, निवडलेला खालच्याकडे. दोन्हींत खोट आहे. पण जमीन ज्यांची त्यांच्याकडे बघणारा मला चालेल.

---

गणिती_मांजर | ५ सप्टेंबर

आणि रानवाटा, तुम्हाला हवे ते तज्ज्ञ आहेतच की. झाडांच्या विक्रीला मंजुरी आयुक्त एकटे देत नाहीत. सहा जणांचं मंडळ आहे: आयुक्त, राज्यपाल किंवा त्यांचा प्रतिनिधी, राज्याचे शिक्षण अधीक्षक, काउंट्यांतर्फे एक जण आणि दोन विद्यापीठांचे वन व कृषी विषयांचे अधिष्ठाते. त्यांच्या बैठका कोणालाही बघता येतात.

---

रानवाटा | ७ सप्टेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल मुलीला घेऊन टायगर माउंटनला गेलो. इसाक्वाच्या मागचा तो डोंगर आम्ही दहा वर्षं चढतो आहोत. काल पहिल्यांदा वाटेच्या तोंडाशी असलेला खात्याचा फलक नीट वाचला. ती विश्वस्त जमीन आहे, उत्पन्न देणारं जंगल. वर एका वळणावर कापलेला उतार लागतो, बुंधे राखाडी पडलेले आणि मधे कमरेएवढी नवी रोपं. दरवेळी मी तिथे हळहळायचो. काल मुलीने विचारलं, बाबा, हे कोणी तोडलं? तिला सोळा आणि छत्तीस क्रमांकाच्या भूखंडांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, म्हणजे माझ्या शाळेची झाडं? मी म्हटलं हो, आणि डॉक्टरकाकांच्या गावच्या रुग्णवाहिकेचीही.

पद नेमणुकीने भरावं हे माझं म्हणणं मी मागे घेतो. नानासाहेबांचं पटलं. पण डॉक्टरांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, त्यावर वेगळा धागा काढावा का?

जुईली, एक विचारायचं होतं. माझीही परवान्यावरची सही आणि आताची सही वेगळी आहे. ती आधीच बदलून घेता येते का?

---

जुईली_रेडमंड | ७ सप्टेंबर

येते. मतदार नोंदणीचा फॉर्म नव्या सहीने पुन्हा भरून पाठवा, नोव्हेंबरच्या आत करा. आई म्हणताहेत, मराठीत करा.

---

डॉ_घाटमाथा | ७ सप्टेंबर

धागा काढा, रानवाटा. मी पुढच्या सभेनंतर तिथे लिहितो.